आर्यनला गाडी लावताना: पुण्यातली नाटकं, मेळे, तमाशे

मंडईवाली

रविवारी तुळशीबागेत गेले होते. नवरा गाडी घेऊन मागून येणार होता. त्याला फोनवर म्हटलं, "आर्यनला लाव, मिनर्वा भरलेलं असेल." शेजारी उभी असलेली लेक म्हणाली, "आर्यन कोण?"

खरंच की! वाहनतळाच्या पाटीवर भलतंच नाव आहे. मला आपलं एवढंच ठाऊक की तिथे पूर्वी टॉकीज होतं. घरी येऊन सासऱ्यांना विचारलं तर ते एकदम खुलले. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. १९१५ साली गंगाधर पाठकांनी सुरू केलं, १९८३ साली बंद झालं. सासऱ्यांनी तिथे पाहिलेल्या सिनेमांची यादी जेवण होईपर्यंत पुरली. सासूबाई शेजारी गवार मोडत बसल्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत.

टॉकीज पाडलं, पाटी बदलली, तरी अख्खं पुणं गाडी अजून आर्यनलाच लावतं. म्हणून विचार आला की सिनेमाच्याही आधी, गेली दीडदोनशे वर्षं, पुणेकर संध्याकाळी करमणुकीला जायचे कुठे? काय बघायचे? त्यातलं आपल्याला किती ठाऊक आहे? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. अट एकच. "आमच्या वेळी" असा सुरू होणारा प्रतिसाद तीन परिच्छेदांत आटपावा.

खवट पुणेकर

करमणूक कशाला लागते? गॅलरीत उभं राहायचं.

पिटातला

आमच्या वेळी म्हणत नाही, आजोबांच्या वेळी म्हणतो. म्हणजे अट लागू नाही.

सुरुवात ३१ ऑक्टोबर १८८० पासून करावी लागेल. त्या रात्री आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' लावलं. तेही अख्खं नाही, पहिले चार अंकच. अण्णासाहेब सरकारी नोकरीतले. पारशी मंडळींचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहून आले आणि असं संगीत नाटक आपल्या भाषेत का नको, या विचारानं त्यांना घेरलं. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, 'सौभद्र'ही पुण्यातच उभं राहिलं.

यात नवं काय होतं, हे आज चटकन कळत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून नाटक म्हणजे सूत्रधार एका बाजूला उभा राहून सगळी पदं म्हणणार, पात्रं येऊन आपलं सोंग करणार, भाषणं बरीचशी आयत्या वेळची आणि राक्षस आला की 'अलल्लडुर्र' करत थयथयाट. लोक त्या नाटकांना 'अलल्लडुर्र' नाटकंच म्हणायचे. किर्लोस्करांनी पद पात्राच्या तोंडी दिलं. ज्याचं दुःख त्यानंच गायचं. त्यात भाऊराव कोल्हटकरांसारखा गळा मिळाला आणि पुणं वेडं झालं. भाऊराव १९०१ मध्ये अकाली गेले. चार वर्षांनी त्याच कंपनीत नारायणराव राजहंस आले. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटलं, असं सांगतात. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

माझे आजोबा पिटातले. पिट म्हणजे रंगमंचाला चिकटून असलेली स्वस्तातली जागा. मागे खुर्चीवर वकील-डॉक्टर आणि पुढे पिटात आमच्यासारखे. पण 'वन्स मोअर' पहिला सुटायचा तो पिटातून. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वन्स मोअर. नाटक रात्री सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत. आजोबा तिथून थेट दुकान उघडायला जात. गंधर्व कंपनीच्या तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते. एवढ्या मोठ्या माणसाचा ठेका आमच्या आजोबांनी पिटाच्या तिकिटात ऐकला!

ठाणेकर

पुणेकर 'पुण्यात झालं' हे सांगायची संधी सोडत नाहीत. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले, तो संयुक्त 'मानापमान' मात्र मुंबईत झाला, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी. पुण्यात का नाही झाला, ते खवट पुणेकरांना विचारा.

खवट पुणेकर

फंडाला पैसे द्यायचे होते ना, म्हणून.

दप्तरदार

पिटातले काका, प्रतिसाद सुंदर आहे. पण "सुरुवात १८८० पासून करावी लागेल" याला माझी हरकत आहे.

१८५५ साली पुण्यातच महात्मा फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. जोशीबुवा गरीब कुणबी जोडप्याला ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो आणि शेवटी ते जोडपं शिकायला कसं निघतं, अशी गोष्ट. त्यात विदूषक आहे, पण तो संस्कृत नाटकातला खादाड विदूषक नाही, तो सगळ्यांना उघडं पाडतो. फुल्यांनी ते मराठी पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं नाकारलं. छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे सव्वाशे वर्षं.

देवादिकांच्या आख्यानांचा तो जमाना होता आणि हा माणूस पुण्यातली चालती-बोलती माणसं नाटकात आणत होता. तरी 'पुण्यातल्या रंगभूमीचा आरंभ' म्हटलं की आपल्या तोंडात शकुंतला येते.

पिटातला

दप्तरदार, फुल्यांविषयी आदर आहेच. पण नाटक प्रेक्षकासमोर उभं राहतं तेव्हा नाटक होतं. समितीनं नाकारलं, छापलं गेलं नाही, मग रंगभूमीच्या प्रवाहात त्याचा वाटा कसा मोजायचा? ज्याच्यातून पुढची नाटकं निघाली, तो आरंभ.

दप्तरदार

तेच तर म्हणतोय. ते प्रवाहात का आलं नाही? बक्षीस द्यायचं की नाही हे कमिटीत बसलेली माणसं ठरवत होती. नाटकातला जोशीबुवा ज्यांच्यातला, त्यांच्याकडेच नाटक तपासायला गेलं. आणि आज आपण म्हणतो, आलं नाही ना, मग मोजत नाही.

सरकारनं नाटक दाबलं की आपण ते अभिमानानं सांगतो. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ ला आलं. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. १९१० मध्ये सरकारनं बंदी घातली. हातात १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा होताच. ही बंदी आपल्याला तोंडपाठ असते. घरातल्यांनी दाबलेलं विसरायला बरं पडतं.

कट्ट्यावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर होणार आता.

जुन्नरचा पाव्हणा

चार दिवस वाचतोय. नाट्यगृह, नाट्यगृह, नाट्यगृह. अहो, पुण्यात माणसं करमणुकीला जात होती ती फक्त खुर्च्यांच्या हॉलात?

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात याच शहरात होनाजी बाळा होते. होनाजी गवळी, लावणी लिहायचा. बाळा करंजकर शिंपी, तो गायचा. सगनभाऊ मुसलमान, राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण. इतक्या जातींची माणसं एकाच ढोलकीवर उभी राहिलेली त्या काळात दुसरीकडे कुठं दिसली तर सांगा. पुढं पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, घरचं कुलकर्णीपण सोडून फडात आले. पवळाबाई महार समाजातल्या. या जोडीवर गावंच्या गावं लोटायची. बापूराव १९४५ साली पुण्यातच गेले. हलाखीत गेले. तुमच्या पेठांत त्यांची पाटी कुठं आहे का, शोधून सांगा.

आणि एक. तमाशा म्हटलं की शहरी माणूस सगळं एका पोत्यात भरतो. ढोलकीफड वेगळा, संगीत बारी वेगळी. फडाच्या तमाशात गण, मग गवळण, त्यात मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, शेवटी वग, म्हणजे मुख्य नाटक. शंभरावर माणसं, ट्रक, तंबू, गावोगावच्या जत्रा. संगीत बारी म्हणजे बैठक. पेटी, तबला-ढोलकी, लावणी, समोर बसलेला माणूस फर्माईश करतो. ती थिएटरात चालते. पुण्यातलं आर्यभूषण थिएटर त्यातलं, आमच्या जिल्ह्यात चौफुल्याला अजून चालते.

फडाचा बाजार बघायचा असेल तर पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला या. रस्त्याकडेला फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी येतात, राहुटीत बसून चहा पितात, जत्रेची तारीख सांगतात आणि घासाघीस करून सुपारी देतात. आमच्या गावची सुपारी ठरवायला मी वडिलांबरोबर गेलोय. तारीख एक आणि गावं तीन, अशा वेळी फडमालकाच्या चेहऱ्यावर जो अभिनय दिसतो तो तुमच्या राज्य नाट्य स्पर्धेत दिसायचा नाही.

विठाबाई तिथल्याच. भाऊ-बापूंच्या फडातल्या. दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या होत्या, कळा आल्या तशा मागं गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला आल्या. ही गोष्ट लोक 'काय निष्ठा' म्हणून सांगतात. मी म्हणतो, त्या दिवशी तिला झोपायला का नाही मिळालं, ते पण विचारा की कुणीतरी.

मंडईवाली

पाव्हणे, शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. ही गोष्ट मी स्वतः कौतुकानं सांगितलेली आहे.

कसब्यातली

मेळे कसे विसरलात सगळे?

सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर १८९४ च्या सुमारास पुण्यात मेळे निघाले. पोरांची टोळी, एकसारखा पोशाख, हातात टिपऱ्या किंवा काठ्या, ठेक्यावर पावलं टाकत पदं म्हणायची. एका गणपतीसमोर झालं की पुढच्या. रात्री दहा-दहा कार्यक्रम. चाली नाटकातल्या, शब्द ताज्या घडामोडींवरचे. स्वदेशी, दारू, हुंडा, नगरपालिकेचा कारभार. सरकारला ही पदं टोचायला लागली आणि १९१० च्या आसपास त्यांच्यावर कडक बंधनं आली. पुढं विसाच्या दशकात एकीकडे सन्मित्र समाजाचा मेळा, दुसरीकडे केशवराव जेध्यांचा छत्रपती मेळा. दोन्हींची पदं एकमेकांना बोचकारणारी. म्हणजे दप्तरदार आणि पिटातले काका इथे जे करताहेत ते तेव्हा टिपऱ्या घेऊन चालायचं.

तिकीट नाही, खुर्ची नाही, पिट नाही. आमच्या वाड्यातल्या बायका नाट्यगृहात पाऊल टाकत नव्हत्या, पण मेळा दारात यायचा. त्यांनी आयुष्यात पाहिलेला पहिला रंगमंच म्हणजे चौकातलं लाकडी फळ्यांचं स्टेज.

पुढं ऑर्केस्ट्रा आले, मग स्पीकरवरची सिनेमाची गाणी आली, मेळे आटत गेले.

पिटातला

हे मात्र खरं. केवढे नट-गायक मेळ्यांत तयार झाले. माझ्या प्रतिसादात यायला हवं होतं.

विंगेतून

मी प्रकाशयोजना करतो. पंचवीस वर्षं पुण्यातल्या बहुतेक नाट्यगृहांच्या विंगेत उभा आहे, म्हणून तिथून काय दिसतं ते सांगतो.

इथे नाटकवाले एका बाजूला आणि तमाशावाले दुसऱ्या बाजूला बसल्यासारखे दिसताहेत. पण पुण्याचं जे नाटक जगभर गेलं ते कशावर उभं होतं? 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं. एका ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण हाच पडदा, तीच भिंत, तेच शहर. कीर्तन, लावणी, खेळे, अभंग असं जे जे आपल्याकडे होतं ते सगळं त्यात ओतलेलं. दोन-तीन माणसं नाक्यावर उभी राहावीत तशी ती ओळ उभी राहते आणि तेवढ्यात बावनखणी, म्हणजे पेशवाईतली कलावंतिणींची वस्ती, दिसायला लागते. नेपथ्याचा खर्च जवळजवळ शून्य. दिवेवाला म्हणून सांगतो, माणसांची भिंत उजळणं हे लाकडी भिंतीपेक्षा दसपट अवघड. भिंत श्वास घेत असते.

एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेनं ते थांबवलं. नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, असा गदारोळ होता. मग त्यातली मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपला गेलं. दप्तरदारांच्या "घरातल्यांनी दाबलेलं" या यादीत हेही घाला. फरक एवढाच की ही मंडळी दुसरी संस्था काढू शकली.

आता दुसरं. बालगंधर्व रंगमंदिराच्या दर्शनी भागात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. त्याच इमारतीत लावणीचे कार्यक्रम लागतात आणि खुर्च्या भरतात. फक्त महिलांसाठीचे खेळही होतात. मी एका अशा खेळाचे दिवे केलेत. साठीच्या बायका खुर्चीवर उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या. कसब्यातलीताई, तुमच्या वाड्यातल्या बायका आठवल्या. आणि शेजारच्याच आठवड्यात त्याच रंगमंचावर संगीत नाटक होतं तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, पहिल्या तीन रांगांत पास.

तक्रारीचं बोलायचं तर एका नाट्यगृहात (नाव घेत नाही, उद्या मला तिथेच काम करायचंय) ऐन प्रवेशात डिमर, म्हणजे दिवे कमी-जास्त करणारं यंत्र, बंद पडला. पूर्ण अंधार. नायिका त्या अंधारात पुढची चार वाक्यं बोलून गेली. टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. दिग्दर्शकानं पुढच्या प्रयोगापासून तसंच ठेवलं.

खवट पुणेकर

आणि श्रेय डिमरला दिलं का?

आव्वाज

मी कॉलेजवाला, त्यामुळे माझा इतिहास १९६३ पासून सुरू होतो. कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक, महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा. बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो: पुण्यात सहावी ऋतू असते, ती पावसाळ्यात भरत नाट्यला येते. वर्गात हजेरी शून्य, तालमीला हजेरी शंभर टक्के. "अरे, आव्वाज कुणाचा" म्हणून ओरडताना घसा बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच घशानं एकांकिका करायची असते.

२०२२ ला परीक्षकांनी एकाही महाविद्यालयाला करंडक दिला नाही. त्या दर्जाची एकांकिकाच नाही म्हणाले. आम्ही त्या वर्षी होतो. रात्री चहाच्या टपरीवर अर्धे रडत होते, अर्धे परीक्षकांना शिव्या देत होते. आमचा दिग्दर्शक मात्र म्हणाला, खरं आहे, आपण गेल्या वर्षी जिंकलेल्यासारखी एकांकिका केली होती. तेव्हा राग आला होता. आता पाव्हण्यांचा प्रतिसाद वाचताना वाटतं की आमच्यापैकी एकानंही आयुष्यात पूर्ण वग पाहिला नव्हता. 'लोकनाट्याचा बाज' मात्र आम्ही संहितेच्या पहिल्या पानावर लिहिला होता.

दप्तरदार

आव्वाज, तू लिहिलेल्या शेवटच्या दोन वाक्यांसाठी तुला करंडक.

अवांतर: सहावी ऋतू नाही, सातवा. सहा आधीच आहेत. आणि ऋतू पुल्लिंगी.

आव्वाज

परीक्षक सगळीकडे असतात.

कसब्यातली

नाटक आणि तमाशा यांच्यामधला पूलही लिहायला हवा. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. निळू फुले, राम नगरकर तिथून आले. निळूभाऊ इथल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि संध्याकाळी वगनाट्य. त्यांचा वगातला सोंगाड्या ज्यांनी पाहिला ते सांगतील, पिट आणि खुर्ची एकाच वेळी हसायची.

पिटातला

एक सांगून थांबतो. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्याच हातून बसवली. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी. ते जुलै १९६७ मध्येच गेले होते. मी लहान होतो, वडिलांच्या खांद्यावरून गर्दी पाहिल्याचं आठवतं. आता ते पाडून नवं संकुल उभारायच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. पण आनंदोद्भवचं काय झालं, हे मी आयुष्यात कधी कुणाला विचारलं नाही. आणि पठ्ठे बापूराव पुण्यात गेले हे मला या वयात, या धाग्यावर कळलं. पाव्हणे, पाडव्याला राहुट्या बघायला आलो तर चहा पाजाल का?

जुन्नरचा पाव्हणा

काका, जेवूनच जायचं. मासवडी खाता ना?

मंडईवाली

सगळ्यांचे आभार. एक भर घालते.

कसब्यातलीचा मेळ्यांवरचा प्रतिसाद मी काल घरात मोठ्यानं वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "हो हो, मेळे असायचे." सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "टिपऱ्या नव्हत्या आमच्या. आमच्या हातात रुमाल होते."

लग्नाला माझ्या एकवीस वर्षं झाली. हे मला पहिल्यांदा कळलं. सासऱ्यांनाही.

त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना दोन वर्षं मेळ्यात होत्या. पांढरा परकर-पोलका, कमरेला केशरी पट्टा. शेजारच्या वाड्यातल्या बाई शिकवायच्या. घरी सांगितलं होतं की गणपतीच्या आरतीला जाते. तिसऱ्या वर्षी त्यांच्या काकांनी त्यांना चौकातल्या स्टेजवर पाहिलं आणि तिथूनच दंडाला धरून घरी आणलं. पट्टा तसाच कमरेला राहिला. तो परत द्यायला त्यांना कुणी जाऊ दिलं नाही.

लेकीनं विचारलं, "आजी, पावलं आठवतात का?" त्यांनी गॅस बारीक केला, पदर खोचला आणि ओट्यासमोरच्या तेवढ्याशा जागेत आठ पावलं करून दाखवली. नवव्याला अडल्या. परत पहिल्यापासून केली, परत नवव्याला अडल्या. मग म्हणाल्या, "तिथून पुढे दुसऱ्या ओळीतल्या मुली यायच्या, त्यांच्याकडे बघून करायचे मी."

कसब्यातलीताई, तुमच्या वाड्यात कुणी आहे का अजून, त्या काळच्या मेळ्यातलं? नववं पाऊल हवंय.